१९७० साली नागपुरात सहा चर्च एक झाली, मग बाप्तिस्म्याचा वाद अजून का मिटत नाही?

बाप्तिस्मा बाळाला द्यायचा, की पोरगं मोठं झाल्यावर त्यानं स्वतः घ्यायचा?

ख्रिस्ती घरात हा विषय निघाला की जेवणं लांबतात. सासूबाई म्हणतात, नाताळच्या आधी बाळाचा बाप्तिस्मा करून घेऊ. सुनेच्या माहेरचे म्हणतात, त्याला अजून बोलता येत नाही, त्याच्या विश्वासाची कबुली दुसरं कोण कसं देणार? यूट्यूबवरचा प्रचारक सांगतो, लहानपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्माच नव्हे, परत घ्या. आणि चर्चचे पाळकसाहेब सांगतात, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, परत घ्यायचा प्रश्नच येत नाही.

बाहेरच्या माणसाला हा घरगुती वाद वाटेल. पण याच प्रश्नावरून युरोपात सोळाव्या शतकात माणसांना पाण्यात बुडवून मारलंय. आणि याच प्रश्नावर जगात फार कमी ठिकाणी निघालेला एक तोडगा आपल्या नागपुरात अमलात आलाय.

तारीख होती २९ नोव्हेंबर १९७०. रविवार होता, नाताळच्या आधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या चर्चची माणसं जमली आणि त्या दिवशी 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' म्हणजे सीएनआय सुरू झालं. त्या सहांतली काही बाळांना बाप्तिस्मा देणारी होती, काही तो चूक मानणारी. तरी ती एक झाली. कशी झाली, आणि झाली तर मग वाद अजून का आहे, तेच समजून घेऊ.

मुळात इतकी चर्च आली कुठून?

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट हा फरक बहुतेकांना माहीत असतो. पण प्रोटेस्टंटांतही अनेक पंथ आहेत आणि भारतात ते वेगवेगळ्या देशांतल्या मिशनांबरोबर आले.

नागपुरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. आज नागपुरात ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे, तेच हे. त्यामुळे नागपूर आणि आसपासची मिशनची मंडळी प्रेस्बिटेरियन झाली. चांद्याला म्हणजे आजच्या चंद्रपूरला स्कॉटलंडचंच, पण बिशप मानणारं एपिस्कोपल मिशन होतं. अकोल्याकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन, ते काँग्रिगेशनल. नाशिकला इंग्लंडचं अँग्लिकन मिशन. कोल्हापूर-मिरजेला अमेरिकन प्रेस्बिटेरियन. डहाणूकडे चर्च ऑफ द ब्रदरन. हरदा, जबलपूर, बिलासपूरकडे डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट.

या प्रोटेस्टंट मिशनांनी आपसात एक समजूत केली होती, की एकाच्या भागात दुसऱ्यानं शिरायचं नाही. जिल्हे वाटून घेतले होते. याचा परिणाम गमतीशीर झाला. नगरचा माणूस काँग्रिगेशनल झाला आणि नागपूरचा प्रेस्बिटेरियन, तो काही दोन्हींचा अभ्यास करून नव्हे. त्याच्या गावात जे मिशन आलं, त्या मिशनचा पंथ त्याचा झाला.

मग नगरचा पोरगा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपुरात आला की अडचण व्हायची. भाषा तीच, बायबल तेच, ना. वा. टिळकांची भजनं तीच. पण इथल्या अँग्लिकन चर्चमध्ये गेला तर त्याच्या पाळकाची दीक्षा मान्य नाही आणि त्याला प्रभुभोजन मिळेलच याची खात्री नाही. स्कॉटलंड आणि इंग्लंडमधली तीनशे वर्षांपूर्वीची भांडणं विदर्भातल्या माणसानं का सांभाळायची, असा प्रश्न तेव्हापासूनच विचारला जात होता.

भांडण नेमकं कशावरून होतं?

मुद्दे बरेच होते, पण दोन सगळ्यांत अवघड.

पहिला मुद्दा बिशपचा. अँग्लिकन चर्च म्हणतं, बिशपांची परंपरा प्रेषितांपासून अखंड चालत आली आहे आणि बिशपनं डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिली तरच पाळक पूर्ण अर्थानं पाळक होतो. प्रेस्बिटेरियन म्हणतात, एकट्या बिशपच्या हाती सत्ता नको, वडिलांची सभा कारभार बघेल. चर्चमधल्या निवडलेल्या जबाबदार माणसांना 'वडील' म्हणतात. काँग्रिगेशनल आणि बॅप्टिस्ट म्हणतात, वर कोणीच नको, गावातली मंडळी मिळून आपलं आपण ठरवेल.

दुसरा मुद्दा बाप्तिस्म्याचा. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट बाळाला बाप्तिस्मा देतात. त्यांचं म्हणणं असं, की देवाची कृपा आधी येते, माणसाचं उत्तर नंतर. आई बाळावर प्रेम करते ते बाळाला कळायला लागल्यावर करत नाही, तसंच हे. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स म्हणतात, नव्या करारात आधी विश्वास आणि मग पाणी असा क्रम दिसतो. त्यामुळे समज आल्यावर, स्वतःच्या तोंडानं कबुली देऊन, पूर्ण पाण्यात बुडून घेतलेला बाप्तिस्माच खरा. ब्रदरन मंडळींमध्ये तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं तीन वेळा बुडवायची रीत आहे.

आता अडचण बघा. एका बाजूला वाटतं, बाळपणीचा बाप्तिस्मा खरा आहे, म्हणून दुसऱ्यांदा देणं पाप. दुसऱ्या बाजूला वाटतं, बाळपणीचा बाप्तिस्मा झालेलाच नाही, म्हणून मोठेपणीचा पहिलाच. यात मधला रस्ता काढायचा कुठून?

मराठी माणसानं या प्रश्नाला आधीच एक वेगळं वळण दिलं होतं. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अनेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. पण १९१७ साली ते मिशनच्या कामातून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र बसतील अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली टिळक गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण पाश्चात्त्य पंथांच्या चौकटी आपल्या अंगाला बसत नाहीत, ही भावना मराठी ख्रिस्ती समाजात किती जुनी आहे ते त्यातून कळतं.

चाळीस वर्षं चाललेली बोलणी

एकत्र येण्याची सुरुवात तुकड्यातुकड्यानं झाली. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळी मिळून 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया' झालं. १९२९ साली लखनऊमध्ये वेगवेगळ्या चर्चचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसले. १९४७ च्या सप्टेंबरात, स्वातंत्र्यानंतर दीड महिन्यानं, मद्रासमध्ये 'चर्च ऑफ साऊथ इंडिया' सुरू झालं. दक्षिणेनं करून दाखवल्यावर उत्तरेवरचा दबाव वाढला.

१९५१ साली बोलणी करणारी समिती नेमली गेली. १९५७ साली ब्रदरन आणि डिसायपल्स त्यात आले. मसुदा लिहायचा, सगळ्या चर्चकडे पाठवायचा, हरकती यायच्या, परत लिहायचा असं चालू राहिलं. १९६५ साली एकीकरणाच्या योजनेची चौथी आवृत्ती तयार झाली आणि तीच शेवटची ठरली. पहिल्या बैठकीपासून नागपूरच्या त्या रविवारपर्यंत ४१ वर्षं गेली.

नागपूर हे ठिकाणही सोयीचं होतं. देशाच्या मधोमध, रेल्वेचं जंक्शन. देशभरातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या परिषदेचं, म्हणजे नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचं, मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे. आणि ऑल सेंट्स तर १८५१ सालचं चर्च. १९०३ साली नागपूरला पहिला अँग्लिकन बिशप मिळाला, तेव्हा ते कॅथेड्रल झालं.

मग तोडगा काय निघाला?

बाप्तिस्म्याबाबत ठरलं ते असं. बालबाप्तिस्मा आणि विश्वासाचा बाप्तिस्मा या दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये राहतील. आईवडिलांना हवं असेल तर बाळाचा बाप्तिस्मा होईल आणि मोठं झाल्यावर ते मूल मंडळीसमोर स्वतः विश्वासाची कबुली देईल. आईवडिलांना तसं नको असेल तर बाळाला चर्चमध्ये आणून देवाला समर्पित करतील, आशीर्वाद मागतील, आणि समज आल्यावर ते स्वतः बाप्तिस्मा घेईल. चर्चचं पूर्ण सभासदत्व दोन्ही वाटांनी स्वतःच्या कबुलीनंतरच मिळेल.

यात पाळकाच्या मनाचाही विचार केला होता. ज्या पाळकाला बालबाप्तिस्मा मनापासून पटत नाही, त्याच्यावर तो देण्याची सक्ती नाही. त्या कुटुंबासाठी दुसरा पाळक बोलवायचा. पण 'तुमचा बाप्तिस्मा खोटा' असं कोणी कोणाला म्हणायचं नाही.

बिशपच्या मुद्द्यावर वेगळी युक्ती काढली. नवं चर्च बिशप ठेवेल, पण ते निवडून आलेले असतील आणि सिनड, डायोसिस कौन्सिल, पास्टरेट कमिटी यांच्याबरोबर कारभार करतील. म्हणजे अँग्लिकनांचा बिशप राहिला, प्रेस्बिटेरियनांच्या सभा राहिल्या आणि स्थानिक मंडळीचा आवाजही राहिला.

राहिला प्रश्न आधीच्या पाळकांचा. दक्षिणेत १९४७ साली जुन्या पाळकांना आहे तसं मान्य केलं आणि पुढच्या सगळ्या दीक्षा बिशपच्या हातून होतील असं ठरवलं. त्यामुळे अँग्लिकन जगात बरीच वर्षं कुरकुर चालली. उत्तरेत ती चूक टाळायची होती. म्हणून एकीकरणाच्या वेळी वेगवेगळ्या परंपरांच्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ज्याच्याकडे जे कमी असेल ते देवानं द्यावं, असा त्या प्रार्थनेचा भाव. कोणाच्या दीक्षेत काय कमी होतं हे मुद्दामच कुठं लिहिलं नाही.

यावर दोन्हीकडून टीका झाली. काही बिगरअँग्लिकन म्हणाले, ही तर आम्हाला दिलेली दुसरी दीक्षा झाली. काही कडवे अँग्लिकन म्हणाले, ही दीक्षा म्हणायची की नाही तेच स्पष्ट नाही. पण ज्यांना एकत्र यायचं होतं त्यांच्यासाठी ही अस्पष्टताच कामाची ठरली. प्रत्येकाला आपला अर्थ ठेवून आत येता आलं.

सातवं चर्च ऐनवेळी मागे फिरलं

बोलणी खरं तर सात चर्चची चालली होती. सातवं होतं मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया, म्हणजे अमेरिकन मेथडिस्ट मिशनमधून वाढलेलं चर्च. उत्तर भारतात त्यांची संख्या मोठी होती. एकीकरण तोंडावर आलं असताना १९७० सालीच त्यांनी सामील न होण्याचा निर्णय घेतला.

या चर्चकडे स्वतःचे बिशप होते आणि अमेरिकेतल्या मूळ चर्चशी त्याचं घट्ट नातं होतं. ते सोडून नव्या घरात जायचं की नाही, यावर आतच मतभेद होते. पुढं १९८१ साली ते 'मेथडिस्ट चर्च इन इंडिया' या नावानं स्वायत्त झालं आणि आजही वेगळं आहे. गंमत म्हणजे त्याच १९७० च्या १ नोव्हेंबरला 'चर्च ऑफ पाकिस्तान' सुरू झालं आणि तिकडचे मेथडिस्ट मात्र त्यात सामील झाले. सरहद्दीच्या दोन बाजूंना एकाच महिन्यात एकाच पंथाची माणसं दोन वेगळ्या दिशांना गेली.

तत्त्वज्ञान जमलं, सातबारा अडला

चाळीस वर्षं चर्चा झाली ती बाप्तिस्मा आणि बिशप यांवर. पण पुढच्या पन्नास वर्षांत जास्त डोकेदुखी ठरली ती जमिनीची.

मिशनांच्या काळात चर्च, शाळा, दवाखाने, बंगले आणि दफनभूमी यांच्यासाठी शहरांच्या मध्यभागी जागा मिळाल्या होत्या. तेव्हा त्या गावाबाहेर होत्या, आता त्यांना कोट्यवधींचा भाव आहे. या मालमत्ता वेगवेगळ्या ट्रस्टच्या नावावर होत्या. चर्च एक झालं म्हणजे ट्रस्टही आपोआप एक झाले, असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलं.

कायदा तसं मानत नाही. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं, की विलीनीकरणाचा नुसता ठराव करून सार्वजनिक ट्रस्टची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही. त्यासाठी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात दिलेली प्रक्रिया पार पाडावी लागते. हा १९५० चा कायदा महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे चालतो, त्यामुळे या निकालाचा अर्थ इथल्या मंडळींनाही कळून घ्यावा लागला.

साध्या सभासदासाठी हा कागदी वाद नाही. ज्या चर्चमध्ये आईवडिलांचं लग्न लागलं, त्याची किल्ली कोणाकडे? आजोबांच्या शेजारची कबरीची जागा कोण देणार? मिशनच्या शाळेत संचालक कोण नेमणार? ही भांडणं कोर्टात गेली की रविवारच्या उपासनेत शेजारी बसणारी माणसं आठवडाभर समोरासमोरच्या पक्षकारांसारखी वागतात.

एकीकरणानं न सुटलेले प्रश्न

पंथ मिटवता आले तरी जात मिटवणं अवघड गेलं. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात महार आणि मांग समाजांतून आलेली माणसं मोठ्या संख्येनं आहेत. चर्चमध्ये सगळे समान असं शिकवलं जातं, पण लग्न जमवताना जात विचारली जाते हे कोणी नाकारत नाही.

बाहेर कायद्याचा पेच आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ साली त्यात शीख आले. १९९० साली बौद्ध आले, ज्याचं महत्त्व दीक्षाभूमीच्या शहराला वेगळं सांगायला नको. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. म्हणून अनेक ख्रिस्ती संघटना १० ऑगस्ट हा काळा दिवस पाळतात. केंद्र सरकारनं २०२२ साली या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

स्त्रियांच्या दीक्षेचा वादही आहेच. सीएनआयमध्ये स्त्रियांना पाळक होता येतं. दक्षिणेतल्या भगिनी चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता बिशप झाल्या. तरी 'बाईनं वेदीपाशी उभं राहावं का' यावर कमेंट बॉक्स अजून तापतो.

आणि बाप्तिस्म्याचा वाद तर नव्यानं पेटलाय. त्याचं कारण सहा चर्चच्या आत नाही, बाहेर आहे. गेल्या काही दशकांत स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळी वाढल्या. त्या १९७० च्या करारात नव्हत्या, त्यामुळे तो त्यांना बांधील नाही. सीएनआयमध्ये वाढलेली पोरं त्यांच्या सभेला जातात, तिथं नदीवर किंवा टाकीत परत बाप्तिस्मा घेतात, आणि घरी येऊन सांगतात की पहिला मोजायचा नाही. आईवडिलांना ते लागतं. कारण त्या पोराला हातात घेऊन मंडळीसमोर वचन त्यांनी दिलेलं असतं.

मग नागपूरच्या तोडग्याचा आज उपयोग काय?

जगभरातली चर्चही पुढं याच वाटेनं गेलेली दिसतात. १९८२ साली पेरूमधल्या लिमा शहरात एक दस्तऐवज मान्य झाला. बाप्तिस्मा पुन्हा करायचा विधी नाही, आणि दोन्ही परंपरांनी एकमेकांच्या रीती समजून घ्याव्यात, असं त्यात म्हटलंय. नागपुरात ते १२ वर्षं आधी प्रत्यक्ष करून झालं होतं. सीएनआय, चर्च ऑफ साऊथ इंडिया आणि मार थोमा चर्च यांनीही १९७८ साली संयुक्त परिषद केली. आता एकाचा सभासद दुसऱ्याकडे प्रभुभोजन घेऊ शकतो. रेल्वेच्या नोकरीवर आलेल्या त्या नगरच्या पोराची अडचण इथं सुटली.

पण हा तोडगा चालतो तो एका अटीवर. समोरच्याची रीत चुकीची आहे असं मनात वाटत असलं, तरी त्याला ख्रिस्ती नाही असं म्हणायचं नाही, ही अट. कागदावर ती १९७० साली लिहिली गेली. घराघरांत ती दर पिढीला नव्यानं पाळावी लागते.

म्हणून सासूबाई आणि सुनेच्या माहेरची माणसं यांच्यात उद्या परत वाद झालाच आणि घर सीएनआयचं असेल, तर पाळकसाहेबांना एवढंच विचारायचं, की आपल्या चर्चमध्ये दोन्ही वाटा आहेत का? उत्तर 'हो' असं येईल. बाळाचा बाप्तिस्मा करायचा की समर्पण, ते मग आईवडिलांनी ठरवायचं.